चालू कंपनी विकत घेण्याआधी : एमसीए-21 पोर्टलवरील कागदपत्रांची सेवा

नवा कारखाना उभारण्याऐवजी चालू कंपनी विकत घेऊन उद्योजक व्हायचे ठरवले, की विकणाऱ्याला सारे ठाऊक असते आणि घेणाऱ्याला मात्र त्याने सांगितले तेवढेच कळते, ही अडचण पहिल्याच बैठकीत जाणवते. ही दरी काही अंशी भरून काढणारी सेवा म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाचे 2006 पासून चालू असलेले एमसीए-21 पोर्टल. सुटे भाग बनवणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी घेण्याची बोलणी चालू असताना मी त्याचा बारकाईने उपयोग केला. खरेदीच्या वाटेवर एवढ्या कमी खर्चात इतके काही सांगणारे दुसरे साधन मला आढळले नाही.

कंपनीच्या नोंदणीची तारीख, भागभांडवल आणि मालमत्तेवर नोंदवलेल्या बोजांची, म्हणजे कर्जापोटी दिलेल्या तारणांची, यादी ही माहिती विनामूल्य पाहता येते. वार्षिक हिशेब, विवरणपत्रे आणि संचालकांच्या नेमणुकांचे अर्ज पाहण्यासाठी प्रत्येक कंपनीमागे 100 रुपये भरावे लागतात. त्यानंतर कागदपत्रे ठरावीक मुदतीतच उघडता येत असल्याने ती लगेच उतरवून घेणे चांगले.

माझ्या मते सुरुवात बोजांपासून करावी. आमच्या व्यवहारात विकणाऱ्यांनी कंपनीवर एक रुपयाचेही कर्ज नसल्याचे सांगितले होते. यादीत मात्र यंत्रसामग्रीवरील एका बँकेचा बोजा खुला दिसत होता. चौकशी केल्यावर कळले की कर्ज खरोखरच फिटले होते, बँकेचे ना-देय पत्रही फायलीत होते; फक्त बोजा उतरल्याचा सीएचजी-4 हा अर्ज कोणी भरला नव्हता. विकणाऱ्यांचा शब्द खरा ठरला. तरीही तो अर्ज व्यवहारापूर्वी त्यांच्याकडून भरून घेणे आवश्यक होते, कारण पुढे मी स्वतः कर्ज मागायला गेलो असतो तेव्हा नव्या बँकेने हीच यादी पाहिली असती.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो वार्षिक हिशेब दाखल करण्याच्या एओसी-4 या अर्जासोबत जोडलेल्या ताळेबंदाला, आणि त्यातही नफ्याच्या आकड्यापेक्षा हिशेबांखालील टिपांना. 2021 पासून कंपन्यांना ग्राहकांकडील येण्यांची वयानुसार वर्गवारी द्यावी लागते : सहा महिन्यांपर्यंतची, वर्षापर्यंतची, आणि पुढे तीन वर्षांहून जुनी. विक्रीचा आकडा दरवर्षी वाढत असेल आणि त्याबरोबर जुन्या येण्यांचा रकानाही फुगत असेल, तर आपण धंद्याबरोबर बुडीत उधारीही विकत घेत आहोत का, हा प्रश्न किंमत ठरवण्यापूर्वीच विचारता येतो. संचालकांच्या नातेवाइकांशी झालेले व्यवहार, म्हणजे कुटुंबातील कोणाच्या जागेचे भाडे किंवा कोणाला दिलेले कर्ज, हेही याच टिपांत सापडतात. मधेच ऑडिटरने राजीनामा दिला असेल, तर त्याची कारणे सांगणारा एडीटी-3 हा अर्ज अवश्य वाचावा. वार्षिक विवरणपत्रातून भागधारक कोण आहेत ते समजते. घरगुती कंपन्यांत एखाद्या दिवंगत काकांच्या नावावरचे भाग (शेअर) तसेच राहिलेले असतात, आणि वारसांचा कायदेशीर हक्क सिद्ध झाल्याशिवाय ते विकता येत नाहीत.

या सेवेच्या मर्यादाही नीट समजून घ्यायला हव्यात. मार्चअखेरचे हिशेब वार्षिक सभेनंतर, म्हणजे साधारणपणे ऑक्टोबरपर्यंत दाखल होतात. त्यामुळे जूनमध्ये बोलणी करणाऱ्याच्या हाती बहुधा पंधरा महिन्यांपूर्वीचा ताळेबंद असतो. मधल्या काळासाठी विकणाऱ्याकडून जीएसटी विवरणपत्रे आणि बँकेचे खातेउतारे मागून घ्यावेत. पोर्टलवर दिसते ते कंपनीने सरकारला कळवलेले. कोर्टातील दावे, कराच्या नोटिसा, कामगारांची थकीत देणी यांचे संपूर्ण चित्र तेथे मिळत नाही. भाग विकत घेतले तरी कंपनी तीच राहते आणि तिची जुनी देणीही तिच्याकडेच राहतात, म्हणून ही तपासणी स्वतंत्रपणे करणे अनिवार्य आहे. भविष्य निर्वाह निधीचा भरणा भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आणि जीएसटी नोंदणीची स्थिती जीएसटी पोर्टलवर विनामूल्य पाहता येते. कारखाना एमआयडीसीच्या भूखंडावर असेल, तर हस्तांतराबाबतच्या अटी महामंडळाकडूनच लेखी समजून घ्याव्यात.

आपल्याकडील बरेचसे छोटे धंदे मालकी किंवा भागीदारी स्वरूपाचे असतात, आणि त्यांच्यासाठी हे पोर्टल उपयोगाचे नाही. एलएलपीची, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीची, माहिती मात्र मिळते. भाषेची अडचणही खरी आहे. हे सारे अर्ज मराठीत वाचता आले, तर इचलकरंजीच्या किंवा अंबडच्या कारखान्यात वीस वर्षे फोरमन म्हणून काम केलेला माणूसही आपल्या मालकाची कंपनी घेण्याचा विचार अधिक धीराने करू शकेल, असे मला मनापासून वाटते. तोवर ही कागदपत्रे सीए किंवा कंपनी सेक्रेटरीसोबत बसून वाचावीत, निघालेले प्रश्न विकणाऱ्यापुढे लेखी ठेवावेत, त्यांची उत्तरे करारात हमी म्हणून उतरवून घ्यावीत, आणि इसाराची रक्कम त्यानंतरच द्यावी.