काढलेले परत भरताना: नाकाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरचे १४ महिने

माझ्या नाकावरची पहिली शस्त्रक्रिया दांड्यावरचा उंचवटा काढण्यासाठी झाली होती. उंचवटा गेला, पण त्याच्याबरोबर नाकाचा आधारही गेला. पुढच्या दोन वर्षांत दांड्याचा मधला भाग हळूहळू आत बसला, समोरून पाहिले की हाड जिथे संपते तिथे इंग्रजी व्ही अक्षर उलटे ठेवल्यासारखी सावली दिसू लागली, आणि जरा जोराने श्वास घेतला की उजव्या नाकपुडीची बाजू आत ओढली जाऊन वाट बंद होऊ लागली. नाक दाबले की तोंड उघडते ही म्हण मी त्या काळात रोज रात्री जगत होते. सकाळी उठताना घशाला कोरड पडलेली असे. गालाची त्वचा बोटाने बाहेरच्या बाजूला ओढली की श्वास एकदम मोकळा होई. ही खूण मी गंमत म्हणून सांगितली, तेव्हा डॉक्टरांनी ती गंभीरपणे वहीत लिहून घेतली. नाकातली सर्वांत अरुंद जागा, म्हणजे आतली झडप, कोसळली आहे की नाही याचा अंदाज घेण्यासाठी तीच चाचणी करतात, असे नंतर कळले.

रिव्हिजन ऱ्हायनोप्लास्टी, म्हणजे आधी शस्त्रक्रिया झालेल्या नाकावर पुन्हा केलेली शस्त्रक्रिया, होऊन आता १४ महिने झाले आहेत. जी एक गोष्ट मला आधी नीट उमगली नव्हती, तीच सुरुवातीला सांगते. पहिल्या वेळी नाकातून बहुधा काहीतरी काढतात. दुसऱ्या वेळी बहुतेकदा काहीतरी भरावे लागते. त्यामुळे लहान, नाजूक नाकाची अपेक्षा ठेवून जाणाऱ्या माणसाला आरशात आधीपेक्षा किंचित मोठे, भरीव आणि ताठ नाक दिसते, आणि ते चुकून झालेले नसून मुद्दाम केलेले असते. मला ही गोष्ट सल्ल्याच्या वेळी दोनदा सांगितली गेली होती. मी दोन्ही वेळा मान हलवली होती आणि मनातून ऐकले मात्र नव्हते.

भरण्यासाठी लागणारी कूर्चा, म्हणजे नाकाकानाला आकार देणारा, हाडापेक्षा मऊ आणि लवचिक भाग, कोठून आणायची, हा सगळ्या बेताचा कणा असतो. सोयीची कूर्चा नाकाच्या पडद्यातली, कारण ती सपाट आणि सरळ असते; पण पहिल्या शस्त्रक्रियेत ती वापरली किंवा काढून टाकलेली असेल तर उरतेच थोडी, आणि उरलेली काढली तर नाकाचे छप्परच धोक्यात येते. कानाच्या वाटीतली कूर्चा काढणे सोपे आणि व्रण कानामागे लपणारा, परंतु ती मुळातच वाकडी आणि मऊ असल्यामुळे जिथे खांबासारखा आधार हवा तिथे अपुरी पडते. बरगडीची कूर्चा भरपूर आणि मजबूत असते; तिचा दोष असा की कोरल्यावर ती वाकू शकते. म्हणून ती शक्यतो मध्यभागातून कापतात आणि कोरलेले तुकडे काही वेळ सलाइनमध्ये ठेवून कोणता वळतो आहे ते पाहून मगच बसवतात. माझ्याकडून कान आणि बरगडी दोन्हींसाठी आधीच संमती घेतली होती, कारण पडद्यात किती शिल्लक आहे हे नाक उघडल्याशिवाय निश्चित सांगता येत नाही. शेवटी बरगडीच लागली.

सल्ल्यासाठी मी तिघांकडे गेले होते. एकाने संगणकावर माझ्या छायाचित्रातले नाक काही मिनिटांत देखणे करून दाखवले आणि पुढच्याच महिन्याची तारीख देऊ केली. मी ज्यांच्याकडे शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांनी मात्र पहिल्या शस्त्रक्रियेची लेखी टिपणे मागितली, तिच्या आधीची छायाचित्रे मागितली, आणि निदान एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय कोणत्याही नाकाला पुन्हा हात लावत नाही असे सांगितले. माझे वर्ष उलटून गेले होते म्हणून तो प्रश्न आला नाही, पण हे उत्तर ऐकून माझा विश्वास बसला. आतला व्रण मऊ पडायला आणि सूज पूर्ण उतरायला तेवढा काळ जातोच. त्याआधी केलेले मोजमाप सुजेचे असते, नाकाचे नसते.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन झाली आणि ५ तासांच्या जवळपास चालली. जुन्या व्रणाच्या रेषेवरूनच दोन नाकपुड्यांमधली त्वचा उघडली, पडद्याच्या दोन्ही बाजूंना कूर्चेच्या लांब पट्ट्या बसवून मधला भाग रुंद केला आणि उजव्या नाकपुडीच्या कडेला एक पातळ पट्टी आधाराला दिली. त्याआधी दोन आठवडे ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. तंबाखूबद्दल त्यांनी जराही सवलत नसल्याचे सांगितले. एकदा उघडलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो आणि निकोटीन तो आणखी आवळते.

पहिल्या आठवड्यात नाक जवळजवळ दुखलेच नाही. दुखली ती छाती. छातीवरचा व्रण बोटाच्या दोन पेरांएवढा आहे, पण खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरावी लागे, आणि कुशीवरून उठताना प्रत्येक वेळी आधी मनाची तयारी करावी लागे. हे साधारण तिसऱ्या आठवड्यात ओसरले. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची, नाक शिंकरायचे नाही, डोके उंच ठेवून झोपायचे, आणि डोक्यावरून घालावे लागतील असे कपडे टाळायचे, एवढे नियम होते. चष्मा दांड्यावर टेकवायला ६ आठवडे बंदी होती. मी तो कपाळावर चिकटपट्टी लावून टांगून ठेवत असे. हे वाचताना जितके हास्यास्पद वाटते त्याहून अधिक ते दिसत होते.

सातव्या दिवशी बाहेरचा साचा आणि टाके निघाले. त्या क्षणाविषयी सावध करणे आवश्यक वाटते, कारण तो दिवस निकालाचा नसतो हे माहीत असूनही आपण निकालच पाहायला बसलेले असतो. आरशात मला रुंद, चकचकीत, शेंडा वर ओढलेले एक नाक दिसले आणि मी घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. शेंडा खाली यायला दोन महिने लागले. सूज डोळ्यांभोवतून आधी उतरते, मग दांड्यावरून, आणि शेंड्यावरून सर्वांत शेवटी. जाड त्वचा असेल तर त्याला दीड-दोन वर्षेही लागू शकतात. ती सरळ रेषेत उतरतही नाही. सकाळी नाक जाड, संध्याकाळी बारीक, खारट खाल्ले की दुसऱ्या दिवशी पुन्हा जाड, असा लपंडाव मी पाचव्या महिन्यापर्यंत मोजला आणि मग मोजणे सोडले. शेंड्याच्या जरा वर साचलेल्या सुजेसाठी तिसऱ्या महिन्यात स्टेरॉइडचे एक लहान इंजेक्शन दिले, आणि कित्येक आठवडे रात्री कागदी पट्ट्या लावून झोपावे लागले.

श्वासाच्या बाबतीत मात्र मला लपंडाव अनुभवावा लागला नाही. आतल्या खपल्या आणि सूज गेल्यावर, सहाव्या आठवड्याच्या सुमारास, एका पहाटे जाग आली तेव्हा तोंड मिटलेले होते. मी तशीच पडून राहिले आणि उजवी नाकपुडी बोटाने चाचपून पाहिली; श्वास आत जात होता आणि कड जागची हलत नव्हती. दिसण्याविषयीच्या माझ्या सगळ्या तक्रारी त्यानंतर थोड्या खालच्या आवाजात झाल्या.

तक्रारी आहेतच. नाकाचा शेंडा पूर्वीसारखा मऊ राहिला नाही. बोटाने दाबला तर वाकत नाही, आणि तो आता असाच राहणार आहे. हसताना वरचा ओठ अनेक महिने ओढल्यासारखा वाटे, तो आता जवळजवळ सैल झाला आहे. शेंड्याच्या टोकाला दहाव्या महिन्यापर्यंत बधिरपणा होता, त्यामुळे सर्दीत नाक वाहत आहे हे मला समोरच्याच्या नजरेवरून कळे. दांड्याच्या डाव्या बाजूला बोट फिरवले की पट्टीची कड लागते. डोळ्यांना ती दिसत नाही, परंतु माझे बोट तिला विसरत नाही. उजवी नाकपुडी डावीपेक्षा केसभर वर आहे. तोंड धुताना मनगट चुकून नाकाला लागले तर अजूनही छातीत धस्स होते.

संगणकावर दाखवलेल्या चित्राशी आजचे नाक मी ताडून पाहिले. बाजूने पाहिल्यास दोन्हींत फारसा फरक नाही. समोरून पाहिल्यास खरे नाक रुंद आहे, आणि ती रुंदी ज्या पट्ट्यांमुळे आली आहे त्यांच्यामुळेच मी रात्री तोंड मिटून झोपते. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी उजव्या नाकपुडीची कड थोडी खाली आणण्यासाठी कानातून एक छोटा तुकडा घेऊन बसवता येईल असे सुचवले, पण ते अठराव्या महिन्याआधी नाही. मी कान राखून ठेवायचे ठरवले आहे. पुढची तपासणी चार महिन्यांनी आहे.