फायरफॉक्स मुख्य ब्राउझर म्हणून वापरल्यानंतर : निवड नेमकी कशाची करायची

गेले अनेक महिने संगणकावर आणि फोनवर मी फायरफॉक्स हाच मुख्य ब्राउझर म्हणून वापरत आहे आणि यापुढेही तोच वापरणार आहे. हा निर्णय वेगावर किंवा देखणेपणावर घेतलेला नाही. रोजचे वाचन, पत्रव्यवहार आणि व्हिडिओ पाहणे या कामांत सगळे प्रमुख ब्राउझर आता इतके सारखे झाले आहेत की केवळ त्या निकषांवर एक सोडून दुसरा धरावा असे सबळ कारण सापडत नाही. खरा फरक आतल्या इंजिनात असतो, म्हणजे संकेतस्थळाकडून आलेला मजकूर आणि सूचना वाचून त्यांतून पडद्यावर दिसणारे पान उभे करणाऱ्या यंत्रणेत. ही यंत्रणा वेगळी असलेला ब्राउझर रोज वापरला की काय मिळते आणि काय सोसावे लागते, ते येथे नोंदवत आहे.

क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि विवाल्डी ही पाच नावे समोर आली की निवडीला भरपूर वाव आहे असे वाटते. प्रत्यक्षात हे पाचही ब्राउझर गूगलच्या पुढाकाराने चालणाऱ्या क्रोमियम प्रकल्पावर उभे आहेत आणि पाचांच्या आत ब्लिंक हे एकच इंजिन आहे. ऑपेराने स्वतःचे प्रेस्टो इंजिन 2013 मध्ये सोडले. मायक्रोसॉफ्टने तोच निर्णय डिसेंबर 2018 मध्ये जाहीर केला आणि जानेवारी 2020 मध्ये क्रोमियमवर बांधलेला नवा एज लोकांच्या हाती दिला. आयफोनवर तर ब्राउझर कोणताही घेतला तरी आत ॲपलचे वेबकिटच असावे, असा नियम वर्षानुवर्षे होता. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्यामुळे मार्च 2024 मध्ये तो नियम सैल झाला, पण तेव्हा तोही केवळ संघाच्या देशांपुरता. मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी इंजिने आता तीनच उरली आहेत : ब्लिंक, वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. त्यांतले ब्लिंक 2013 मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघाले, म्हणजे तिसऱ्याचेच कूळ तेवढे पूर्णपणे वेगळे. वेबकिट मुख्यतः ॲपलच्या उपकरणांवर वावरते. त्यामुळे विंडोज किंवा अँड्रॉइड वापरणाऱ्याने इंजिन बदलायचे ठरवले, तर त्याच्यापुढे व्यवहारात गेको हाच एक पर्याय राहतो.

जुन्या ब्राउझरमधून येथे येणे सोपे होते. बुकमार्क, जतन केलेले पासवर्ड आणि भेट दिलेल्या पानांची यादी फायरफॉक्स स्वतः उचलून आणतो. सिंक सुरू केले की तीच माहिती फोनवरही पोहोचते आणि सर्व्हरवर जाण्याआधीच ती वापरकर्त्याच्या उपकरणावर कूटबद्ध होते. डीफॉल्ट ब्राउझर बदलणे मात्र ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्याच्या मर्जीवर असते. विंडोज 11 च्या सुरुवातीच्या आवृत्तीत त्यासाठी प्रत्येक प्रकारच्या फाइलीला आणि दुव्याला वेगवेगळी जोडणी करावी लागे. ते एका बटणावर आणणारी सुधारणा 2022 मध्ये आली. जी निवड करायला दहा पायऱ्या चढाव्या लागतात ती बहुतेक माणसे कधीच करणार नाहीत, आणि हे पायऱ्या बांधणाऱ्याला ठाऊक असते.

मला सर्वाधिक फायदा झाला तो एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पूरक साधनांच्या, बाबतीत, म्हणून हा मुद्दा सविस्तर मांडतो. जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्ट अडवणारी एक्स्टेन्शने पूर्वी ब्राउझरकडून बाहेर जाणारी प्रत्येक विनंती पाहत आणि ती जाऊ द्यायची की थोपवायची हे त्या क्षणी ठरवत. क्रोमने आणलेल्या मॅनिफेस्ट व्ही-3 या रचनेत एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची असते आणि प्रत्यक्ष निर्णय ब्राउझर घेतो. जुन्या मॅनिफेस्ट व्ही-2 ची एक्स्टेन्शने क्रोममधून काढण्याचे काम जून 2024 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले आणि जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिन या एक्स्टेन्शनच्या पूर्ण आवृत्तीला तेथे जागा उरली नाही. गूगलची बाजू निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक विनंती पाहू शकणारे एक्स्टेन्शन हेरगिरीही करू शकते आणि तशी लबाडी करणारी एक्स्टेन्शने होऊन गेली आहेत. पण ज्या कंपनीच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग जाहिरातींतून येतो, त्याच कंपनीने जाहिराती अडवणाऱ्या साधनांना किती अधिकार द्यायचे हे सर्वांसाठी ठरवावे, ही व्यवस्था मला मुळातच अयोग्य वाटते. फायरफॉक्सने नवी रचना स्वीकारली, तरी जुना अधिकार काढून घेतला नाही. यूब्लॉक ओरिजिन येथे पूर्ण ताकदीने चालते, अँड्रॉइड फोनवरही चालते, आणि डिसेंबर 2023 पासून अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सला इतर एक्स्टेन्शनचा मोठा साठाही खुला झाला आहे. बातम्यांची जड पाने फोनवर शांतपणे वाचता येणे ही सोय एकदा अंगवळणी पडली की ती सोडवत नाही.

कुकींच्या, म्हणजे संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींच्या, बाबतीतही इंजिन वेगळे असल्याचा लाभ रोज मिळतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. जून 2022 पासून फायरफॉक्स प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी त्या स्थळापुरत्या वेगळ्या ठेवतो. त्यामुळे एका स्थळावर बसवलेली तिऱ्हाइताची कुकी दुसऱ्या स्थळावर वापरकर्त्याला ओळखू शकत नाही. ॲपलच्या सफारीने तिऱ्हाईत कुकी मार्च 2020 मध्येच सरसकट बंद केल्या. क्रोमनेही त्या बंद करण्याचा इरादा जानेवारी 2020 मध्ये जाहीर केला, मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि जुलै 2024 मध्ये तो बेत सोडून दिला. त्यामागे जाहिरात व्यवसायाचे आक्षेप होते, तसेच गूगलचीच पकड आणखी घट्ट होईल ही ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाची चिंताही होती. कारणे कोणतीही असोत, एकाच प्रश्नावर तीन इंजिनांनी तीन वेगळी उत्तरे दिली. इंजिन एकच असते, तर पहिल्या दोन उत्तरांचा अनुभव कोणालाच आला नसता आणि तिऱ्हाईत कुकींशिवाय वेब चालत नाही असे खुशाल सांगता आले असते. याच्या जोडीला संगणकावर मी कंटेनर वापरतो. कामाचे खाते आणि घरचे खाते एकाच खिडकीत, वेगवेगळ्या रंगांच्या टॅबांत, एकमेकांना स्पर्श न करता उघडी राहतात.

आता अडचणी. बहुतेक संकेतस्थळे निर्वेध चालली, पण सगळी नाही. एका सेवेच्या लॉगिन पानावर 'आपला ब्राउझर चालणार नाही' अशी पाटी आली. ब्राउझरची ओळख क्रोम अशी बदलून सांगताच तेच पान विनातक्रार उघडले आणि शेवटपर्यंत चालले. त्या पानाला गेकोमध्ये न झेपणारे काहीच नव्हते, केवळ ते तपासून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. दुसऱ्या एका ठिकाणी अर्जातला तारखेचा रकाना भरता येईना, तेव्हा तेवढ्यापुरता दुसरा ब्राउझर उघडावा लागला. असे प्रसंग क्वचित येतात, पण नेमके निकडीच्या वेळी येतात, आणि सामान्य माणूस अशा वेळी दोष ब्राउझरलाच देतो. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत अबाउट:कॉम्पॅट असे इंग्रजी अक्षरांत टंकले, तर विशिष्ट संकेतस्थळे नीट चालावीत म्हणून ब्राउझरमध्येच घातलेल्या दुरुस्त्यांची यादी दिसते. दुसऱ्यांच्या पानांची डागडुजी अल्पसंख्य इंजिनाला स्वतःच्या खर्चाने करावी लागते, हे तेथे उघड दिसते. वेबयूएसबी आणि वेब ब्लूटूथ यांचा अभाव ही निराळी गोष्ट आहे. पानाला थेट उपकरणांपर्यंत पोहोचू देणे सुरक्षित नाही, या भूमिकेतून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ते जाणीवपूर्वक टाळले. ब्राउझरमधूनच उपकरणांची जोडणी ज्यांचे नित्याचे काम आहे, त्यांना फायरफॉक्स पुरा पडणार नाही.

एकाच ब्राउझरवर तपासलेल्या पानांचे जग आपण याआधी एकदा पाहिले आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर 6 ऑगस्ट 2001 मध्ये आला, नव्वद टक्क्यांहून अधिक वापर मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला, आणि सातवी आवृत्ती यायला ऑक्टोबर 2006 उजाडले. मधल्या पाच वर्षांत वेब त्या एका ब्राउझरच्या दोषांना धरून लिहिले गेले. नेटस्केप या जुन्या ब्राउझर-कंपनीने खुल्या केलेल्या प्रोग्रामच्या संहितेतून घडलेला फायरफॉक्स 1.0 नोव्हेंबर 2004 मध्ये आला, लोक त्याच्याकडे वळू लागले, तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्ट पुन्हा कामाला लागली. आज परिस्थिती हुबेहूब तशी नाही. क्रोमचे काम थांबलेले नाही आणि तांत्रिक दृष्ट्या तो उत्तम आहे, त्यामुळे यावेळचा धोका साचलेपणाचा नसून दिशा एकट्याने ठरवण्याचा आहे. गूगलने 2021 मध्ये एफएलओसी नावाच्या योजनेची चाचणी सुरू केली. तीत ब्राउझर स्वतःच वापरकर्त्याची आवडीनिवडींनुसार गटवारी करून ती जाहिरातदारांना कळवणार होता. इतर ब्राउझरनी ती स्वीकारायला नकार दिला आणि जानेवारी 2022 मध्ये ती मागे घेतली गेली. 2023 मध्ये वेब एन्व्हायर्नमेंट इंटेग्रिटी हा प्रस्ताव आला. त्यात समोरचा ब्राउझर आणि उपकरण 'विश्वासार्ह' आहे की नाही याचे प्रमाणपत्र संकेतस्थळाला मागता आले असते. मोझिलाने त्याला स्पष्ट विरोध केला, इतरांनीही आवाज उठवला, आणि त्याच वर्षी तोही सोडून देण्यात आला. असा नकार देण्यासाठी स्वतःचे इंजिन आणि ते वापरणारी माणसे, दोन्ही लागतात. माणसे घटली की नकाराचे वजन घटते, आणि फायरफॉक्सचा जगातला वाटा आता जेमतेम काही टक्के उरला आहे.

मोझिलाविषयी माझ्या मनात शंका नाहीत असे नाही. तिच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग गूगलला डीफॉल्ट शोधयंत्र ठेवण्याच्या मोबदल्यातून येतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर स्पर्धा टिकून आहे. अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट 2024 मध्ये गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा राखल्याचा निकाल दिला, तेव्हा डीफॉल्ट जागांसाठी या कंपनीने 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर मोजल्याचे नोंदले गेले. डीफॉल्टला इतकी किंमत मिळते याचा अर्थ ते बदलणारे फार थोडे असतात. सप्टेंबर 2025 च्या आदेशात क्रोम विकण्याची सक्ती झाली नाही आणि पैसे देण्यावर सरसकट बंदीही आली नाही, त्यामुळे मोझिलाचा श्वास मोकळा राहिला, पण परावलंबन तसेच आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये वापराच्या नव्या अटी आणताना 'आम्ही तुमची माहिती विकत नाही' हे जुने आश्वासन मोझिलाने काढून टाकले, त्यावर टीका झाली आणि काही शब्दरचना बदलावी लागली. ज्या संस्थेकडे विश्वास हेच भांडवल आहे, तिने हे इतक्या निष्काळजीपणे हाताळावे याचे मला मनापासून वाईट वाटले. तरीही ब्राउझर सोडला नाही, कारण माग काढणाऱ्या कुकींपासूनचे संरक्षण संहितेत आहे आणि ती संहिता खुली आहे.

कायद्याने निवड आणता येते, पण त्यावर लक्ष ठेवावे लागते. युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टकडून ब्राउझर-निवडीचा पडदा मान्य करून घेतला आणि तो 2010 पासून विंडोजवर दिसू लागला. पुढे एका अद्ययावत आवृत्तीतून तो वर्षभराहून अधिक काळ गायब होता, त्याबद्दल मार्च 2013 मध्ये 56 कोटी 10 लाख युरोंचा दंड झाला. आता मार्च 2024 पासून तसाच पडदा तेथील फोनवर येतो. इतर बहुतेक देशांतल्या वापरकर्त्याला ती विचारणा होत नाही, त्याने ती स्वतःच स्वतःला करायची असते.

ज्यांचे काम मुख्यतः वाचन, लेखन, पत्रव्यवहार आणि व्यवहारांचे आहे, त्यांना मी फायरफॉक्स निःसंकोचपणे सुचवतो. सोबत क्रोमियमवरचा एखादा ब्राउझर असू द्यावा. अडलेल्या अर्जासाठी तो लागतो. मात्र पान अडले की तेवढ्यावर न थांबता फायरफॉक्सच्या मेनूतील बिघडलेले संकेतस्थळ कळवण्याची सोय वापरावी आणि शक्य असेल तर त्या संकेतस्थळाच्या चालकांनाही लिहावे. ज्या लॉगिन पानाने मला अडवले होते, त्याच्या चालकांना मी लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही आणि पाटी अजून तेथेच आहे.