एनर्जीप्लसवर घराचं उत्सर्जन मोजताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकालच सांगून टाकते. घराला वर्षभरात किती ऊर्जा लागेल, हे एनर्जीप्लस हा संगणक-प्रोग्रॅम चांगलं सांगतो. त्यापायी किती कार्बन हवेत गेला, हे मात्र तुम्ही त्याच्या हातात जो गुणांक (ठरावीक ऊर्जेमागे किती उत्सर्जन, तो आकडा) ठेवाल त्यावर अवलंबून. भिंतीच्या जाडीवर संध्याकाळभर डोकं खपवायचं आणि गुणांक दिसेल तो उचलायचा, असं करणारे बरेच जण असतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

एनर्जीप्लस हे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2001 मध्ये आणलेलं, इमारतीच्या ऊर्जेचा हिशोब करणारं इंजिन, मोफत आणि मुक्तस्रोत. भिंती, छत, खिडक्या, माणसं, उपकरणं आणि हवामानाची फाइल दिली की वर्षाच्या 8760 तासांचा हिशोब ते मांडतं, तेही तासाचे तुकडे पाडून. दिसायला काही नाही. इनपुट म्हणजे मजकुराची लांबलचक फाइल. घराचा आराखडा ओपनस्टुडिओसारख्या प्रोग्रॅममध्ये काढलेला बरा. उत्सर्जनाच्या भागासाठी मात्र मी शेवटी त्या मजकुरातच शिरले आणि तिथेच रमले.

भिंतीचे थर बाहेरून आत या क्रमाने द्यायचे असतात. उलटे दिले तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही, आणि बाहेरून इन्सुलेशन लावलेली भिंत आतून लावल्यासारखी वागू लागते: उष्णता धरून ठेवण्याचं गणितच फिरतं. खिडक्यांचं तसं सोपं आहे. सगळ्यात अंदाजपंचे काम फटींमधून येणाऱ्या हवेचं. 50 पास्कल दाबावर दारात पंखा बसवून गळती मोजण्याची चाचणी करून घेतली असेल तर उत्तम. नसेल तर जो आकडा भराल तो अंदाजच, आणि गरम-थंड करण्याच्या खर्चात त्याचा वाटा छोटा नसतो.

मग बिलांशी पडताळा. अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेच्या गाइडलाइन 14 नुसार मासिक आकड्यांमध्ये एकूण कल (मॉडेल बिलांपेक्षा सरासरी किती जास्त किंवा कमी सांगतं) 5 टक्क्यांच्या आत आणि विखुरलेपण (महिन्यागणिक चुकांचा पसारा) 15 टक्क्यांच्या आत असेल तर मॉडेल जुळलं असं धरतात. इथे दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे बिलाचा महिना कॅलेंडरच्या महिन्याशी जुळत नाही. दुसरी म्हणजे सोबत मिळणारी हवामान फाइल बहुधा ‘नमुना वर्षा’ची असते: वेगवेगळ्या वर्षांतले प्रातिनिधिक महिने जोडून केलेली. त्या वर्षाशी तुमच्या गेल्या वर्षाच्या बिलाचा मेळ बसलाच पाहिजे असं काही नाही. पडताळ्यापुरती प्रत्यक्ष त्या वर्षाची फाइल मिळवावी, पुढच्या तुलना नमुना वर्षावर कराव्यात. फ्रिजला प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर आठवडाभर लावून ठेवला तर ‘इतर उपकरणं’ या गाठोड्यातली एक मोठी अनिश्चितता कमी होते.

आता उत्सर्जन. ‘फ्युएल फॅक्टर्स’ या भागात प्रत्येक इंधनाचा गुणांक आपल्या हाताने भरायचा, तोही ग्रॅम प्रति मेगाज्यूलमध्ये. विजेचा गुणांक आपल्याला सहसा किलो प्रति युनिट असा मिळतो. एका युनिटमध्ये 3.6 मेगाज्यूल, म्हणून 0.7 किलो प्रति युनिट म्हणजे साधारण 194. नैसर्गिक वायू जाळण्याचा आकडा 50 च्या आसपास. हे एवढं रूपांतर कागदावर करून फाइलीतच टीप म्हणून लिहून ठेवा, गुणांक कोणत्या वर्षाचा तेही.

खरी गंमत पुढच्या भागात आहे. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड एका मापात आणण्यासाठी प्रोग्रॅममध्ये आधीपासून तीन आकडे भरलेले असतात: 0.2727, 6.2727 आणि 80.7272. पहिला म्हणजे 12 भागिले 44. म्हणजे अहवालात जे ‘समतुल्य’ येतं ते कार्बनचं, कार्बन डायऑक्साइडचं नव्हे. नेहमीच्या मापात हवं तर 3.67 ने गुणायला हवं. उरलेल्या दोघांना 12 भागिले 44 ने भागलं की 23 आणि 296 निघतात, म्हणजे हे वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतात ते. हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2001 च्या तिसऱ्या अहवालातले आकडे. सहाव्या अहवालात शंभर वर्षांच्या हिशोबाने जीवाश्म मिथेनसाठी 29.8 आणि नायट्रस ऑक्साइडसाठी 273 आहे. घरापुरता यातून फार फरक पडत नाही, कारण जाळताना निघणारं मिथेन थोडंच असतं. पण वायू विहिरीपासून शेगडीपर्यंत येताना होणारी गळती धरायची ठरवली की हाच आकडा जड होतो. वीस वर्षांच्या हिशोबात तर तो 82.5 वर जातो.

पाणी तापवण्याचं उदाहरण घ्या. गॅस गिझरची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर पाण्यात गेलेल्या एक युनिट उष्णतेमागे सुमारे 0.20 किलो कार्बन डायऑक्साइड. हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देत असेल, तर 0.7 च्या विजेवर तो 0.23 किलो पडतो, म्हणजे गॅसपेक्षा थोडा वाईटच. 0.4 च्या विजेवर 0.13. सीमारेषा 0.6 वर. घर तेच, गिझर तोच, मॉडेलमधली एक वीटही हललेली नाही, फक्त गुणांक बदलला की उत्तर उलटतं. साध्या कॉइलच्या गिझरचं बोलायलाच नको. तो विजेचा गुणांक जसाच्या तसा अंगावर घेतो.

मला सर्वात आवडलेली सोय म्हणजे गुणांकाला वेळापत्रक जोडता येतं. दुपारी ग्रिडवर सौरवीज असते, रात्री कोळसा किंवा वायू वर येतो. तासागणिक आकडे मिळाले की हीट पंप संध्याकाळी सात ऐवजी दुपारी चालवल्यावर, युनिट जवळपास तेवढीच राहूनही, उत्सर्जन कसं उतरतं ते दिसतं. बिलांची बेरीज करून एका आकड्याने गुणणाऱ्या कॅल्क्युलेटरला हे कधीच जमणार नाही. फक्त सरासरी गुणांक घ्यायचा की वाढीव मागणीला प्रत्यक्षात जे केंद्र धावून येतं त्याचा, हे आधी ठरवा. वर्षाचा जमाखर्च मांडायला सरासरी ठीक. बदलाचा परिणाम बघायचा तर दुसरा.

एसीतल्या वायूचा हिशोब मी वेगळा वहीत मांडते, कारण फ्युएल फॅक्टर्समध्ये इंधनांचाच विचार आहे. एसीत भरलेल्या आर-410ए चं तापमानवाढ मूल्य (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) 2088, आर-32 चं 675. एक किलो आर-410ए उडून गेला तर 0.7 च्या हिशोबाने जवळपास 3000 युनिट वीज जाळल्यासारखं. इन्सुलेशनची जाडी वाढवून वाचवलेलं एका निष्काळजी सर्व्हिसिंगमध्ये जाऊ शकतं.

वर्षाचा एकच आकडा हवा असेल तर या वाटेला जाऊ नका. बिलं आणि कॅल्क्युलेटर पुरे. छताचं इन्सुलेशन आधी की खिडक्या आधी, गिझर कुठला, सोलर बसवल्यावर एसीची वेळ कोणती, असे प्रश्न असतील तर मात्र शिकण्याचा त्रास वसूल होतो. त्यातही फरकाच्या आकड्यांवर भरवसा ठेवा, एकूण बेरजेवर कमी: फटींचा अंदाज चुकला तरी तो दोन्ही पर्यायांत सारखाच चुकलेला असतो. सध्या मी सगळ्या तुलना दोनदा चालवते, एकदा आजच्या गुणांकावर आणि एकदा त्याच्या निम्म्यावर, कारण गिझर काही वर्षं टिकणार आणि वीज तोवर आजच्यासारखीच राहील असं नाही. दोन्हीकडे तोच पर्याय जिंकला, तरच खरेदीचा विचार.