मायक्रोआरएनए मोजायचा स्टेम-लूप किट: गोव्यातल्या लॅबमधून रिव्ह्यू

साडेतीन स्टार. कापलेला दीड स्टार मॅन्युअलचा आणि पार्सलचा, केमिस्ट्रीला नावं ठेवायला जागा नाही.

आमची लॅब ताळगाव पठारावर, काम शेवटो आणि काळुंदर ह्या माशांवर, पाण्याचा खारेपणा बदलला की कल्ल्यांमध्ये कुठले मायक्रोआरएनए (जनुकांवर लगाम ठेवणारे छोटे आरएनए) वरखाली होतात ते बघायचं. आता मायक्रोआरएनए जेमतेम २२ अक्षरांचा (म्हणजे बेसचा) आणि साधा पीसीआर प्रायमर, म्हणजे कॉपी सुरू करून देणारा तुकडा, तोच २० च्या आसपास, मग दोन प्रायमर बसवणार कुठे? ह्या किटमधला आरटी (आरएनएवरून डीएनए बनवायच्या पायरीचा) प्रायमर स्वतःवरच दुमडलेला असतो, हाच स्टेम-लूप, त्याचं मोकळं टोक मायक्रोआरएनएच्या शेवटच्या ६ अक्षरांना चिकटतं आणि सीडीएनए (आरएनएची डीएनए कॉपी) लांब होऊन मिळतो. लेट-७ए आणि लेट-७सी ह्या दोन मायक्रोआरएनएंमध्ये फरक फक्त १९व्या अक्षराचा, ए च्या जागी जी, सिंथेटिक आरएनए टाकून चेक केलं तर तेही बऱ्यापैकी वेगळे दिसले, इथे मी खरंच खूश झालो.

पण मॅन्युअलमध्ये बिनधास्त लिहिलंय की यू६ (दुसरा एक छोटा आरएनए) ने नॉर्मलाईज करा, म्हणजे त्याच्या तुलनेत आकडे मांडा. नको रे बाबा! यू६ शंभरावर अक्षरांचा, स्प्लायसिंगच्या (आरएनएच्या कापाजोडीच्या) कामातला, बनतो वेगळ्या वाटेने, तुटतो वेगळ्या गतीने, आमच्याकडे तर खारेपणा बदलला की तोच हलायचा, मग मोजायचं कशाच्या आधारावर? आपल्या टिश्यूत स्थिर राहणारे दोनतीन मायक्रोआरएनए शोधा आणि त्यांची भौमितिक सरासरी घ्या.

आरएनए शुद्ध करायचा कॉलम किटसोबत येत नाही. साध्या आरएनए कॉलमवर ७० टक्के इथेनॉल वापरलंत तर छोटे आरएनए सरळ खाली वाहून जातात, त्यामुळे स्मॉल आरएनए चालणारा प्रोटोकॉलच घ्या. आणि कल्ले रक्ताने भरलेले असतात, लाल पेशींत मिर-४५१ हा मायक्रोआरएनए भरपूर, सलाईनने नीट धुतले नाहीत तर कल्ल्यांच्या नावाखाली रक्तच मोजून बसाल.

प्रत्येक मायक्रोआरएनएला वेगळा आरटी प्रायमर लागतो, चारपाच टार्गेट असतील तर ठीक, पंचवीसेक असतील तर पॉली-ए टेलिंगवाला (सगळ्या आरएनएंना ए ची शेपटी जोडणारा) किट बघा, त्यात एकाच सीडीएनएवर सगळे चालतात, फक्त जवळच्या भावंडांना वेगळं करायला तो जरा कच्चा.

पार्सल शुक्रवारी निघालं, वीकेंडला गोदामात पडून राहिलं, हातात आलं तेव्हा ड्राय आईसचा मागमूस नाही, एन्झाईम कोमट. डीलरने बदलून दिलं पण चार फोन केल्यावर. चवथीच्या आसपास ऑर्डर टाकूच नका, आणि माल सोमवारीच निघेल असं ईमेलवर लिहून घ्या.