सॅक्सचं यंत्र घ्यायचं असेल तर आधी कॅपिलरीचा भाव विचारा

आमच्या सॅक्स यंत्राचा (छोट्या कोनात विखुरलेल्या क्ष-किरणांवरून नॅनोकणांचा आकार मोजणारं यंत्र) चिलर, म्हणजे ट्यूबला थंड पाणी पुरवणारा डबा, परत गचकला म्हणून हे लिहायला घेतलं. पाण्याचा प्रवाह कमी झाला की इंटरलॉक, म्हणजे सुरक्षेची कळ, क्ष-किरणांची ट्यूब बंद करतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणतो, "सर, चिलर एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) येत नाही, तो आमचा नाही." अहो, तुमच्याच बिलात आलाय तो! शेवटी एसीवाल्या पोराने फिल्टरमधलं शेवाळ काढलं आणि गाडी सुरू झाली.

आता खरं दुखणं. कॅपिलरी! द्रव नमुना भरायची काचेची ही नळी, भिंत 0.01 मिलिमीटर, नीट बघितलं नाही तरी फुटते. माहितीपत्रकात तिच्या खर्चाबद्दल अवाक्षर नाही. प्रत्येकीचा व्यास थोडा वेगळा, म्हणून नमुना आणि नुसतं पाणी दोन्ही एकाच नळीत मोजायला हवं, नाहीतर वजाबाकीला अर्थ नाही. त्यात 1 मिलिमीटर पाण्यातून तांब्याच्या ट्यूबचे जेमतेम 37 टक्के क्ष-किरण पार होतात, 1.5 ची नळी घेतली की आणखी कमी. मेणाने तोंड बंद करा, निर्वातात गळली की बसा पुसत. मी वर्कशॉपमधून धातूच्या चौकटीत दोन्ही तोंडं उघडी ठेवून एक नळी इपॉक्सीने पक्की बसवून घेतली. सिरिंजने भरा, धुवा, परत भरा. नव्या कॅपिलरींच्या पाकिटाचे पैसे वाचले ते वेगळेच. जेल मात्र त्यात जात नाही. ते कॅप्टॉनच्या (एक टिकाऊ प्लास्टिक) दोन पट्ट्यांत धरलं, तर q (किरण किती कोनात विखुरले त्याचं माप) 4 प्रति नॅनोमीटरच्या आसपास कॅप्टॉनचाच उंचवटा. तिथे अभ्रकच बरा.

माहितीपत्रकात q चा किमान आकडा 0.03 लिहिलाय, पण मुख्य किरण अडवणाऱ्या बीमस्टॉपजवळचे पहिले बिंदू नुसता कचरा. सुरुवातीला यावरून मी खूप चिडलो होतो. आता तितका राग नाही. आमचे सिलिकाचे गोळे 10 नॅनोमीटर त्रिज्येचे. त्यांचा गिनिए प्लॉट (कणाचा आकार काढायचा आलेख) q 0.17 च्या खाली सरळ रेषेत हवा, म्हणजे 0.05 पासून सुरुवात झाली तरी आमचं भागतं. कशाला भांडायचं?

आणि एक गोष्ट मान्य करायलाच हवी. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) कणांचे झुबके दिसत होते, आमच्या पेपरचे परीक्षक "कण एकमेकांना चिकटून गोळा झालेत" यावर अडून बसले होते. सॅक्सने द्रवात मोजल्यावर गिनिएची रेषा सरळ, पुढे गोलाकार कणांच्या लाटा स्पष्ट, म्हणजे कण सुटेच. झुबके टीईएमच्या जाळीवर थेंब सुकताना झालेले! त्या एका आलेखावर पेपर पास झाला.

पातळ प्रथिनं मोजायची असतील तर मात्र हे यंत्र घेऊ नका, तासन्‌तास मोजूनही वक्र फरफटत येतो. इंदूरला इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) सॅक्सची बीमलाइन, म्हणजे मोजणीचं केंद्र, आहे, तिथे अर्ज करा. जाताना कॅपिलरी थर्माकोलमध्ये खोचून हातातल्या पिशवीत ठेवा. सामानात टाकल्यात तर पोचेपर्यंत चुरा.