मेनस्ट्रुअल कप : पळणाऱ्या, पोहणाऱ्या आणि गरबा खेळणाऱ्या बायकांसाठी

सरळच सांगते, कप (पाळीत आत घालायचा सिलिकॉनचा छोटा पेला, रक्त त्यात साठतं) घ्याच, पण पाकिटावरचा स्मॉल-लार्ज बघून घेऊ नका. मी बडोद्याची, सकाळी कमाटी बागेत पळते, उन्हाळ्यात पोहायला जाते, आणि नवरात्रात गरबा असतोच, त्यामुळे पाळीत पॅड लावून हे सगळं करणं काय असतं ते पुरेपूर माहितीय. मांड्या सोलवटतात, घामाने चिकटपट्टी सुटते, पॅड सरकून भलतीकडे जातं, आणि पोहायचं तर नावच नको कारण पॅड टाकीतलं पाणीच शोषून घेतं.

कपाचं गणित सोपं आहे. पूर्ण पाळीत साधारण ३०-४० मिली रक्त जातं (८० च्या वर म्हणजे जास्त, तेव्हा डॉक्टरकडे जा आणि हिमोग्लोबिन पण बघा), आणि एक कप २० ते ३० मिली धरतो. म्हणून बहुतेक कप १२ तासांपर्यंत ठेवता येतात, जास्त जातं त्या दिवशी आधी रिकामा करायचा. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यातही कपाची गळती पॅड किंवा टॅम्पॉन (आत घालायची, रक्त शोषणारी कापसाची गुंडाळी) इतकीच किंवा कमी निघाली, पण हात बसायला काही महिने लागतात हे पण त्यात होतं, म्हणून पहिल्याच पाळीत कंटाळून ठेवून देऊ नका.

आता साइज. बहुतेक कंपन्या वय आणि बाळंतपण एवढंच विचारतात. खरं बघायचं ते गर्भाशयाचं तोंड किती खाली आहे. पाळी चालू असताना हात स्वच्छ धुवून बोट आत घालून बघा (पाळीत ते जरा खाली येतं, म्हणून तेव्हाच बघायचं), पहिल्या पेराशीच लागलं तर आखूड कप, बोट पूर्ण गेलं तरी जेमतेम लागलं तर लांब.

आणि दुसरी गोष्ट जी व्यायाम करणाऱ्या बायकांना दुकानात कोणीच सांगत नाही, सिलिकॉन किती कडक आहे ते. स्क्वॉट, वेट्स, मल्लखांब, योगा करून खालचे स्नायू घट्ट झालेले असतात, ते मऊ कपाला दाबतात, कप आत नीट उघडत नाही आणि कडेने गळतो. माझा पहिला कप अगदी मऊ होता, घरी-ऑफिसात ठीक, पण पळायला लागलं की डाग. मग त्याच मापाचा जरा कडक घेतला आणि आता लांब पळतानाही लक्ष जात नाही तिकडे. पावागढ पायऱ्यांनी चढले तेव्हाही काही त्रास नाही. फक्त कडक कपाचा काहींना लघवीच्या पिशवीवर दाब येतो, सारखी लघवीला लागते, तसं झालं तर मधला घ्या. कपाच्या खालची दांडी टोचत असेल तर थोडी कापायची.

काढताना दांडी धरून ओढायचं नाही, हे नक्की लक्षात ठेवा. कप आत हवेच्या ओढीने चिकटून बसलेला असतो, म्हणून खालचा भाग चिमटीत दाबून आधी हवा सोडायची. कॉपर-टी बसवलेली असेल तर हवा न सोडता ओढल्यास ती सरकू शकते, म्हणून आधी गायनॅकला विचारूनच कप. नुकतं बाळंतपण झालंय त्यांनी पण थांबा. कडेची बारीक भोकं बुजली की कप नीट बसत नाही, कपात पाणी भरून तळवा दाबून धरायचा आणि पिळायचा, भोकातून चिळकांडी उडते आणि साफ.

गरब्याला मला याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. संध्याकाळी घरून रिकामा करून लावला की मध्यरात्री परत येईपर्यंत ग्राउंडवरच्या टॉयलेटला जायची गरज नाही, चणियाचोळीचा एवढा घेर सांभाळत त्या रांगेत उभं राहायला नको. आणि इथे मला मनापासून एक सांगायचंय. नवरात्र जवळ आलं की गरबा आहे, घरी घट बसतात, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेणाऱ्या कितीतरी बायका आहेत आपल्यात, आत्या-मावश्यांनी मुलींना दिलेल्या मी बघितल्यात. त्या हार्मोनच्या गोळ्या आहेत, रक्तात गुठळ्यांचा त्रास असेल किंवा घरात कोणाला असेल तर धोका असतो, डॉक्टरला न विचारता नका घेऊ ग. नाचायचंच आहे तर कप लावून नाचा.

टॅम्पॉन पोहायला छान, लावायलाही सोपा, पण ८ तासांच्या वर नाही, टॉक्सिक शॉक सिंड्रोम (जंतूंचं विष अंगात भिनणं) क्वचित होतो पण झाला तर जिवावर बेततं. कपातही झाल्याच्या तुरळक केसेस आहेत, म्हणून तासांचं भान दोन्हीकडे हवं. पीरियड पँटी (रक्त शोषून घेणारी, धुवून परत वापरायची) मी कपाबरोबर बॅकअपला घालते, एकटी पळायला पुरत नाही, ओली होऊन जड वाटते, आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही.

अजून एक, पळणाऱ्या मुलींसाठी. खूप ट्रेनिंग आणि खाणं कमी झालं की पाळी थांबते, आणि बऱ्याच जणींना वाटतं बरं झालं कटकट गेली. तसं नाहीये, हाडं ठिसूळ होतात त्यात. तीन महिने आली नाही तर दाखवा.

किंमत ३०० ते ५०० रुपयांत चांगला मिळतो, मेडिकल ग्रेड सिलिकॉन लिहिलेलं बघून घ्या, नीट ठेवला तर काही वर्षं जातो. पाळीच्या आधी आणि नंतर पाण्यात पाचेक मिनिटं उकळायचा, तळाला चिकटू द्यायचा नाही. आमच्या सासूबाईंनी त्यासाठी एक स्टीलचं पातेलं वेगळं काढून दिलंय. उकळून झाला की हवाबंद डबीत नाही, त्याच्या कापडी पिशवीत ठेवायचा.