हंटरचे ईमेल पोस्टग्रेसमध्ये आणायचे: झेपिअर की एन-एट-एन?

हंटर ही कंपन्यांमधले ईमेल पत्ते शोधून देणारी सेवा. तिला कंपनीचं डोमेन द्यायचं, तिथले ईमेल घ्यायचे आणि आपल्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या टेबलात टाकायचे. काम एवढंच. झेपिअर आणि एन-एट-एन (n8n) ही अशा वेगवेगळ्या सेवा जोडून काम आपोआप करणारी साधनं; हे झेपिअरनेही होतं, एन-एट-एननेही होतं. मी दोन्ही वापरून एकावर स्थिरावलो आहे. पण तुमची अडचण माझ्यासारखीच असेल असं नाही, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

झेपिअरची जोडणी सोपी आहे, हे नव्याने सांगायला नको. त्याचा खरा फायदा पुढे कळतो: तुम्ही गावाला गेलात तरी ते चालू राहतं, आणि विक्री विभागातलं कुणीही उघडून त्यात बारीकसारीक बदल करू शकतं. छोट्या ऑफिसात याचं मोल मोठं आहे. पैशांचा हिशेब मात्र आधी करून ठेवा. झेपिअर यशस्वी झालेली प्रत्येक कृती एक टास्क म्हणून मोजतं. हंटरच्या डोमेन सर्चमध्ये एका कंपनीचे दहा पत्ते आले आणि प्रत्येकाची वेगळी रो (टेबलातली ओळ) घातली, तर दहा टास्क गेले. रो घालण्याआधी प्रत्येक पत्ता पडताळून घेतला, तर त्याच्या दुप्पट. मेक, म्हणजे पूर्वीचं इंटिग्रोमॅट, हे याच प्रकारचं साधन; तेही पायरीगणिकच मोजतं. एन-एट-एनच्या क्लाउडवर पूर्ण वर्कफ्लोची (सगळ्या पायऱ्या मिळून) एक धाव म्हणजे एकच मोजणी, आणि त्याची मोफत आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवली तर मोजणीचा प्रश्नच येत नाही.

तरी माझा निर्णय पैशांवर झाला नाही. तो झाला ५४३२ या पोर्टवर, म्हणजे पोस्टग्रेसच्या नेहमीच्या दारावर.

झेपिअर काय किंवा मेक काय, ही मंडळी बाहेर राहतात. त्यांना आपल्या डेटाबेसपर्यंत यायचं, तर आपल्याला फायरवॉलमध्ये त्यांचा आयपी घालून दार किलकिलं करावं लागतं. कागदावर ही एका ओळीची गोष्ट आहे. आमच्याकडे ती ओळ घालायची म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्याला मेल, मग `pg_hba.conf`मध्ये (कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या फाइलमध्ये) नोंद, मग एसएसएलचं, म्हणजे जोडणीच्या एन्क्रिप्शनचं, काय ते बघणं. होस्टिंगवाल्यांनी मशीन हलवलं की यातलं काहीतरी गळायचं, आणि विक्रीकडून फोन यायचा, ‘आज लीड्स आल्या नाहीत का?’ हे वारंवार व्हायला लागलं. शिवाय मनात एक खुटखुट राहायची. ज्या आयपीला आपण आत घेतो, तो काही एकट्या आपला नसतो. त्या सेवेचे इतर ग्राहकही तिथूनच बाहेर पडतात. म्हणजे कुलूप खरं तर पासवर्डचंच. ज्या टेबलांशेजारी ग्राहकांची बिलं आहेत, तिथे मला ते पटेना.

डॉकर प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवतं. एन-एट-एन त्यात पोस्टग्रेसच्या शेजारी, एकाच नेटवर्कवर बसवलं की हा विषय संपतो. होस्टच्या जागी कंटेनरच्या सर्व्हिसचं नाव टाकायचं; डेटाबेसचं पोर्ट बाहेर उघडायची गरजच नाही. हंटरला विचारायला एन-एट-एन स्वतः बाहेर जातं, आत कुणी येत नाही. (डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये सवयीने `ports: 5432:5432` मात्र लिहू नका. डॉकर ते यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलला बगल देऊन उघडतं.)

याची किंमत तुम्हाला हातांनी मोजावी लागते. अपडेट, बॅकअप सगळं आपल्याच गळ्यात. `N8N_ENCRYPTION_KEY` वेगळी जपून ठेवली नाही आणि सर्व्हर गेला, तर साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत. आणि टाइमझोन सांगितला नाही, तर मुळात न्यूयॉर्कचा धरला जातो. सकाळी ९ला लावलेलं काम आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला नाहीतर साडेसातला सुरू होतं. `GENERIC_TIMEZONE`मध्ये `Asia/Kolkata` आधी घाला, बाकीचं नंतर.

दुबार नोंदींच्या बाबतीतही मला एन-एट-एन थोडं सरस वाटतं. झेपिअरमध्ये सरळ मार्ग म्हणजे आधी रो शोधा, नसेल तर घाला. दोन धावा एकाच वेळी आल्या, तर दोघींनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळू शकतं. एन-एट-एनच्या पोस्टग्रेस नोडमध्ये ‘इन्सर्ट ऑर अपडेट’ आहे, म्हणजे पोस्टग्रेसचं `ON CONFLICT`च: नोंद आधीच असेल तर नवी न घालता तीच बदलायची. फक्त ईमेलच्या कॉलमवर युनिक बंधन (तोच पत्ता दोनदा येऊ न देणारं) हवं, आणि पत्ता आत घेतानाच लहान अक्षरांत करून घ्यावा. यात झेपिअरचा फारसा दोष नाही. टेबलावर युनिक बंधन असेल तर दुसरी रो तिथेही अडतेच, फक्त ती चूक म्हणून समोर येते.

हंटरचा जवाब मात्र कुठूनही आणला तरी तोच. `accept_all` असा शेरा आला, की त्या कंपनीचा मेल सर्व्हर कुठलाही पत्ता स्वीकारतो एवढंच कळतं. तो माणूस तिथे आहेच असं नाही. म्हणून नुसता ईमेल साठवू नका. शेरा, स्कोअर आणि पडताळणीची तारीख असे तीन कॉलम जास्तीचे ठेवा. विक्रीवाले पुढे नेमकं तेच विचारतात.

तुमचा डेटाबेस आधीच एखाद्या क्लाउड सेवेवर, सार्वजनिक पत्त्यावर असेल, तर माझ्या आक्षेपात फारसा दम उरत नाही. लिनक्सला हात लावणारं कुणीच नसेल, तर झेपिअर घ्या आणि निवांत राहा. पण सर्व्हर आपला असेल आणि टर्मिनलची भीती नसेल, तर मी तरी एन-एट-एनच सुचवेन.

दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी त्याला डेटाबेसचा मालक असलेला युजर देऊ नका. वेगळा रोल (मर्यादित अधिकारांचा युजर), आणि त्याला त्या एकाच टेबलावर `SELECT`, `INSERT`, `UPDATE`. नुसतं `INSERT` दिलंत तर `ON CONFLICT DO UPDATE` परवानगी नाही म्हणून अडेल, आणि तुम्ही तासभर वर्कफ्लोत चूक शोधत बसाल.